तानव्वा ऊर्फ तानीबाई

निपाणी,
१८ नोव्हेंबर १९८६

चि. जयास,

सप्रेम जय भीम. तुझी आई बरी आहे, जेवते वेळेवर, रागावते त्याहून वेळेवर. पत्र दुसऱ्या कारणानं लिहितो आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या तंबाखूच्या वखारीतून तेहतीस बायकांना काढलं, हे तुला ठाऊक आहे. गुन्हा काय, तर तान्ह्या लेकरांसाठी पाळणाघर मागितलं. तुझी आई त्यांतलीच. मालक म्हणतो, तुमच्या संघटनेला मी ओळखत नाही, बोलणी कुणाशी करू? संघटनेला मान्यता मिळाली तर त्याला बोलावंच लागेल. त्यासाठी जुलैच्या हजेरीपटावरच्या अठराशे चाळीस बायकांपैकी निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान नऊशे एकवीस, आमच्या सभासद आहेत हे सिद्ध करायचं आहे. आमच्या वहीत तेराशे बारा आहेत.

मग अडचण कुठं? नावांत. हजेरीपट मालकानं संगणकावर चढवला आहे, रोमन अक्षरांत. आमची वही मराठीत. तिथं एक नाव, इथं दुसरं. कामगार अधिकारी म्हणाला, हातानं जोड्या लावलेली यादी मी घेणार नाही, मालकाचा वकील एकेका नावावर भांडत बसेल. एकच लेखी नियम करा, सगळ्या नावांना सारखा लावा, जुळतील तेवढी धरतो. १५ डिसेंबरला चिकोडीला सुनावणी. त्या दिवशी फाईल बंद. जुळलं नाही तर तेहतीसजणी कायमच्या घरी.

तू कॉलेजच्या संगणकावर काम करतेस. हजेरीपटाची फ्लॉपी चकती अधिकाऱ्यानं मिळवून दिली आहे. ती आणि आमच्या वहीची झेरॉक्स रवळू कंडक्टरच्या हाती पाठवतो. मीच आलो असतो, पण जूनमधल्या भाषणापासून बेळगाव शहरात मला वर्षअखेरपर्यंत बंदी आहे. गावांच्या मराठी पाट्या गावकऱ्यांना न विचारता बदलू नका, एवढंच बोललो होतो. तासभर बोललो, हे मान्य.

ज्या वृत्तीनं पाट्या बदलल्या, त्याच वृत्तीनं आमच्या बायकांची नावं बिघडवली आहेत. तू ती सरळ कर.

तुझा मामा,
परशराम


बेळगाव,
२२ नोव्हेंबर १९८६

ती. मामांस,

सविनय जय भीम. चकती आणि वही मिळाली. आमचे प्रमुख मारुतीराव यांनी जेवणाची सुट्टी आणि रविवार एवढा वेळ दिला आहे. वहीतली सातशे नावं मी टाइप केली, उरलेली या आठवड्यात होतील.

नियम कसा करायचा ते सांगते. संगणकाला नाव न देता नावाचा साचा देता येतो. ‘आधी य किंवा ए, मग ल एकदा किंवा दोनदा, मग शेपूट’ असं लिहिलं की यल्लव्वा, एल्लव्वा, यल्लूबाई सगळ्या त्यात बसतात. साचा म्हणजेच तुमच्या अधिकाऱ्याचा लेखी नियम. वीस नावांवर करून पाहिलं. कपातला चहा संपायच्या आत उत्तर आलं.

एक विचारायचं होतं. वही लिहिताना काही पद्धत होती का? कुठलं शेपूट कशाच्या जागी येतं ते कळलं तर साचा घट्ट बसवता येईल. नाहीतर प्रत्येक नावाला बाई, व्वा, आक्का, आई अशी सगळी शेपटं मोकळी सोडावी लागतील, तीही कितीही वेळा. मोकळा साचा मला आवडत नाही. तो काय करील सांगता येत नाही.

आईला म्हणावं, खोकल्याचं औषध संपवलं नाही तर मी येईन.

आपली,
जया


निपाणी,
२४ नोव्हेंबर १९८६

चि. जयास,

पद्धत कसली विचारतेस? बाई बोलली तसं लिहिलं. पद्धत बघायची तर त्या हजेरी कारकुनाची बघ. आमच्या लेकी-सुनांना त्यानं एका फटक्यात दुसऱ्याच करून टाकलं. माणसाला मुळापासून उपटायचं तर आधी त्याचं नाव उपटतात, हे जगभरच्या इतिहासात लिहून ठेवलेलं आहे. गुलामांच्या बाजारात पहिलं काम नाव बदलायचंच असायचं. रविवारी गेटवरच्या सभेत मी हाच मुद्दा घेणार आहे.

तू सगळी शेपटं मोकळी सोड. आमचं काही लपवण्यासारखं नाही.

तेहतीसजणी रोज सकाळी आठला गेटसमोर बसतात. तुझी आई पहिल्या रांगेत. बाकीच्या आत कामाला जाताना त्यांच्याकडं बघतात आणि मान खाली घालतात. सुनावणी हरलो तर उद्या ती मानही वर येणार नाही. एकवीस दिवस उरलेत.

परशराम


बेळगाव,
१ डिसेंबर १९८६

ती. मामांस,

वाईट बातमी आहे. काल सकाळी नऊला काम सुरू केलं. पहिली साठ नावं पटापट झाली. हजेरीपटावरचं एकसष्टावं नाव ‘यल्लव्वा भरमाप्पा मायाप्पा’. तिथं यंत्र थांबलं. बिघडलं नाही, विचार करत राहिलं. सव्वा तासानं एका जोडीचं उत्तर आलं, ‘नाही’. मग पुढच्या जोडीवर तसंच. आज सकाळपर्यंत एकसष्टावं नाव संपलं नव्हतं. शेवटी यंत्र बंद करावं लागलं.

कारण शोधलं. साचा मोकळा आहे, त्यामुळं ‘व्वा’ हे एक शेपूट म्हणूनही वाचता येतं, आणि ‘व’ अन् ‘वा’ असे दोन तुकडे करूनही. जोडाक्षर आलं की दोन वाटा. आपल्याकडच्या नावांत जोडाक्षरांशिवाय आहेच काय? त्या एका नावात मी बावीस ठिकाणी दोन-दोन वाटा मोजल्या. सगळ्या धरल्या तर एक्केचाळीस लाखांवर जातात. आमच्याकडचं शोधायचं साधन एक वाट धरतं, शेवटपर्यंत जातं, अडलं की मागं येतं, दुसरी धरतं. नाव जुळणारं असलं तर लवकर सापडतं. नाही म्हणायचं असलं तर मात्र सगळ्या वाटा तुडवाव्या लागतात. आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो जवळजवळ जुळणाऱ्या आणि शेवटच्या अक्षरावर फसणाऱ्या नावाला.

पहिलं अक्षर वेगळं असेल तर जोडी बघायचीच नाही, अशी सुधारणा केली. काम बरंच कमी झालं, पण यल्लव्वा यल्लव्वांपुढं येतेच आणि तिथंच अडतं.

मामा, पुन्हा विचारते. वहीत काही पद्धत होती का? साचा घट्ट करता आला तर हे सगळं सुटतं.

जया


निपाणी,
३ डिसेंबर १९८६

चि. जयास,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लाख आणि वाटा. मला एवढंच कळलं की तुझं यंत्र सरकारी कचेरीसारखं आहे. हो म्हणायचं तर पटकन म्हणतं, नाही म्हणायला माणसाला फेऱ्या घालायला लावतं.

आमच्या रुक्माबाईला अक्षर येत नाही. ती रोज संध्याकाळी सुट्टीच्या वेळी गेटबाहेर संघटनेची हजेरी घेते. हजारभर बायका, अर्धा तास. कशी घेते ऐक. ओरडते, “यल्ल”. जेवढ्या यल्लव्वा, यल्लूबाई असतील तेवढ्या सगळ्या उभ्या. मग, “भरमाची”. ज्यांचा नवरा भरमा नाही त्या खाली बसतात. मग, “मायाप्पाची सून”. उरली ती म्हणते, “हाय की”. उरली नाही तर रुक्माबाई पुढचं नाव घेते. एकदा उच्चारलेलं पुन्हा उच्चारत नाही. मी तिला म्हणालो, एकेकीला विचारत जा, नीट होईल. ती म्हणाली, “गुरुजी, एकेकीला इचारत बसलं तर उद्याची हजेरी आजच्या हजेरीत घावंल. तुमी भाषण करा.”

अशी आमची अडाणी बाई. आणि तुमचं लाखमोलाचं यंत्र एका यल्लव्वापाशी दिवसभर बसून राहतं. ‘बंद करावं लागलं’ म्हणजे काय? कुणी लावलं बंद करायला? खुर्ची मिळाली की माणसाला खुर्चीचे पाय जपावे लागतात, हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे. आपल्या घरात पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं. तुझ्या आईनं तंबाखूची धूळ छातीत भरून घेतली तेव्हा तू त्या खुर्चीपर्यंत पोचलीस.

बारा दिवस उरलेत.

परशराम


बेळगाव,
८ डिसेंबर १९८६

ती. मामांस,

तुमचं पत्र वाचून रडले. मग पुन्हा वाचलं, आणि रुक्माबाईच्या ओळींपाशी थांबले.

रुक्माबाई वाट धरतच नाही. ती सगळ्या वाटा एकदम उभ्या करते. नावातला एकेक तुकडा पुढं सरकतो, चुकलेल्या बसतात, उरलेल्या उभ्या राहतात. मागं यायचं कारणच नाही. मी कॉलेजनं दिलेलं साधन बाजूला ठेवलं आणि चार दिवसांत स्वतःचं लिहिलं. त्यात एक भर घातली. दोन वाटा साच्यातल्या एकाच जागी येऊन पोचल्या तर त्या एकच धरायच्या, कारण इथून पुढं दोघींचा रस्ता सारखाच. साच्यात जागा तीस. म्हणजे वाटा एक्केचाळीस लाख असल्या तरी एका वेळी उभ्या राहणार जास्तीत जास्त तीस. ‘नाही’ म्हणायला आता ‘हो’ इतकाच वेळ लागतो.

काल मला शेवटचे दोन तास मिळाले होते. शेवटचे, कारण एक तारखेला माझ्यामुळं मुलांचं प्रात्यक्षिक बुडालं आणि मारुतीरावांनी लेखी समज दिली. पुन्हा घडलं तर नोकरी जाईल असं त्यात लिहिलं आहे. हे तुम्हाला कळवणार नव्हते. खुर्चीबद्दल लिहिलंत म्हणून कळवते.

एकसष्टावं नाव मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघत सुरू केलं. काटा हलायच्या आत संपलं. सगळी यादी चाळीस मिनिटांत झाली.

आता निकाल. तेराशे बारापैकी सातशे सहा नावं किरकोळ फरकानं जुळतात, एखादं अक्षर जोड किंवा सुटं, य च्या जागी ए. अठरा कशातच बसत नाहीत. उरली पाचशे अठ्ठ्याऐंशी. त्या सगळ्यांत फरक एकच आहे, आणि एकाच दिशेनं आहे. हजेरीपटावर ‘व्वा’, आपल्या वहीत ‘बाई’. वहीत शोधून एक ‘व्वा’ सापडत नाही. यल्लव्वाची यल्लूबाई, बाळव्वाची बाळाबाई. आणि माझी आई, तानव्वाची तानीबाई.

कारकून चुकत असता तर दहा तऱ्हांनी चुकला असता. ही चूक नाही, पद्धत आहे. आणि वहीतलं अक्षर तुमचं आहे. त्याच अक्षरानं तुम्ही मला बाराखडी शिकवली.

ही पाचशे अठ्ठ्याऐंशी सोडली तर आपण हरतो. धरायची असली तर नियमात कारण लिहावं लागेल. मी दोनदा विचारलं होतं. तिसऱ्यांदा विचारते.

जया


निपाणी,
१० डिसेंबर १९८६

चि. जया,

समज मिळाल्याचं वाचून तुझ्या आईला सांगितलं नाही. मला सांगायला तोंड नव्हतं.

पद्धत होती. १९७९ साली आमची पहिली सभा वखारीमागच्या पटांगणात झाली. तोवर मुकादम या बायकांना “ए यल्ले, ए ताने” अशा हाका मारायचा. मी व्यासपीठावरून म्हणालो, आजपासून तुमच्यातल्या प्रत्येकीच्या नावापुढं बाई लागेल, आणि जो लावणार नाही त्याचं काम कुणी करणार नाही. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या दिवशी मी वही उघडली आणि सगळ्या व्वांच्या बाया केल्या. त्यांनी खाली अंगठे उठवले. वाचता येत होतं कुणाला? टाळ्या म्हणजेच संमती असं मी धरून चाललो.

खरं त्याहून वाईट आहे. ‘व्वा’ मला सोसतच नव्हता. त्यात मला देवीला सोडलेल्या पोरी दिसायच्या, आणि त्यात मला कानडी ऐकू यायची. ज्या घरात तो शब्द तीन पिढ्या मायेनं बोलला गेला ते घर माझंच होतं, हे मी विसरलो. जूनमध्ये ज्या गोष्टीविरुद्ध तासभर बोललो, ती मी सात वर्षांपूर्वी शाईनं करून बसलो होतो. चोवीस तारखेला तुला खोटं लिहिलं ते यामुळं. चिकोडीत मालकाचा वकील हे हातात धरून नाचेल. नाचो, पण तू नको, असं वाटत होतं.

काल आक्काला, तुझ्या आईला, विचारलं, तुझं खरं नाव काय? ती भाकरी थापत होती. म्हणाली, “तुला म्हाईत न्हवतं व्हय? आई जलमभर तानव्वाच म्हणली की. तू भाषणात बाई म्हणालास, मला वाटलं आसंल भाषणापुरतं.” मी म्हणालो, वहीतसुद्धा लिहिलं. त्यावर हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, “मग आता त्येच्यापायी माझं काम जाणार काय रं?”



परशराम


बेळगाव,
१२ डिसेंबर १९८६

ती. मामांस,

सोबत नियमाच्या तीन प्रती. पहिला नियम, जोडाक्षर आणि सुटं अक्षर एकच धरावं. दुसरा, आरंभीचा य आणि ए एकच धरावा. तिसरा असा: ‘संघटनेच्या वहीत जिथं बाई आहे तिथं मूळ नावात व्वा असू शकतो. हा बदल चिटणीस परशराम यांनी स्वतःच्या हातानं, त्या त्या बाईला न विचारता केला.’

‘त्या त्या बाईला न विचारता’ हे शब्द मी गाळून पाहिले. मग नियम खोटा पडतो. कारकुनाची चूक म्हणून लिहिलं तर वकील कारकुनालाच उभा करील.

खाली सही तुमची लागेल. आणि सुनावणीत वाचायचं तुम्हीच. संगणकाच्या कागदावर मारुतीरावांनी, काम बरोबर असल्याचं लिहून सही दिली आहे. मी मागितली नव्हती.

आई कामावर परत गेली पाहिजे. बाकी आपण नंतर बोलू.

जया


निपाणी,
१७ डिसेंबर १९८६

चि. जया,

काल तार केली ती मिळाली असेल. आता सविस्तर.

चिकोडीच्या त्या खोलीत पंखा होता, वारा नव्हता. दोनशे बायका बाहेर, वीस आत. मी पहिला नियम वाचला, दुसरा वाचला. तिसऱ्याला आवाज खाली आला. अधिकारी म्हणाला, “पुन्हा वाचा, ऐकू आलं नाही.” आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मोठ्यानं बोला म्हणालं. पुन्हा वाचला.

वकील उभा राहिला. म्हणाला, चिटणीसानं स्वतःच कबुली दिली आहे, वही बनावट आहे, एक नाव बदलणारा माणूस सभासदही बनवू शकतो, सगळी वही रद्द करा. मुद्देसूद बोलला. मी असतो तर असाच बोललो असतो. अधिकाऱ्यानं वहीची पानं चाळली. मग म्हणाला, त्या पाचशे अठ्ठ्याऐंशींपैकी वीस नावं मी काढतो, त्या बायका आणा, मी विचारतो.

अडीच तासांत बाहेरून आणि निपाणीहून वीसजणी गोळा झाल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न. वहीतलं हे नाव तुझं आहे का? मी भिंतीला टेकून उभा. एकीनं जरी नाही म्हटलं तर वकील तिथंच सगळं मोडणार, हे मला कळत होतं. पहिली म्हणाली, “व्हय, दोनी माजीच.” दुसरी तसंच. तुझी आई सातवी आली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, “ह्यो माझा भाऊ. कारकुनाला तानव्वा सांगितलं ते मी. ह्यानं बाई लिवली ती ह्याच्या हौसंनं. मी दोनी हाय.”

तेरावी बाळव्वा. ती म्हणाली, “न्हाय. हे नाव माजं न्हाय.”

वकील उठलाच. अधिकाऱ्यानं त्याला बसवलं आणि तिला विचारलं, मग वहीत तुझं काय आहे? ती टेबलाजवळ गेली, वही आपल्याकडं फिरवली, नावाशेजारच्या निळ्या ठशावर बोट ठेवलं. “अंगठा माजा हाय. संघटनेत मी हायच. नाव न्हाय माजं. मला इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.” मग माझ्याकडं वळून, “गुरुजी, एवढी पुस्तकं वाचता, इचारायला काय हुतं?”

खोलीत बायका हसल्या. मला हसू आलं नाही. अधिकाऱ्यानं शाईचा डबा मागवला, तिचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला, वहीतल्या ठशाशेजारी भिंग धरून बघितला. मग विसाव्या बाईपर्यंत सगळ्यांचे घेतले. दुपारी चारला त्यानं बाराशे चौऱ्याण्णव हा आकडा लिहून खाली सही केली. मालकानं सोमवारी बोलणीला यायचं आहे. पहिला विषय तेहतीसजणी.

आज सकाळी गेटसमोर मी चिटणीसपद सोडतो म्हणालो. भाषण तयार होतं. रुक्माबाईनं मधेच तोडलं. म्हणाली, “सोडून जाताय कुटं? वही कोन निस्तरणार?” नवी वही आणली आहे. लिहायला शेवंताबाईच्या सुनेला बसवलं, ती सातवी शिकली आहे. मी नुसता शेजारी. ती प्रत्येकीला विचारते, “काय लिवू?” आणि बाई सांगेल ते लिहिते. कुणी व्वा सांगते, कुणी बाई. एकीनं आक्का सांगितलं. बाळव्वा पहिली आली आणि लिहून होईपर्यंत टेबलावरून हात काढला नाही. तुझ्या आईनं सांगितलं, तानव्वा ऊर्फ तानीबाई. ऊर्फ हा शब्द तिला अधिकाऱ्याच्या कागदावरून आवडला आहे.

सगळ्यात शेवटी त्या पोरीनं कोरी ओळ काढली आणि माझ्याकडं बघितलं. “गुरुजी, तुमचं काय लिवू?”

शाळेच्या दाखल्यावर परशराम आहे, तो मास्तरनं लिहिला. आई परसाप्पा म्हणायची. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. दोनशे बायका वाट बघत उभ्या होत्या आणि मला सांगता येईना. तुझी आई मागून म्हणाली, “घाई न्हाय, इचार कर.”

अजून ती ओळ कोरी आहे.

तुझा मामा